लाइनीचं डावं टोक

मे महिना लागला की आमच्या डोंबिवलीत आंब्याच्या पेट्यांच्याही आधी फ्लेक्स येतात. मानपाडा रोडला तर एकही खांब मोकळा राहत नाही. पांढऱ्या कपड्यांतली पोरं, कमरेला काळा पट्टा, आणि फोटोवाल्याने 'जरा रागाने बघ' म्हटल्यावर येतो तसला राग चेहऱ्यावर. खाली 'ब्लॅक बेल्ट प्राप्त केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि शुभेच्छुकांत आईबाबा, दोन्हीकडचे आजीआजोबा, सोसायटीचे चेअरमन. एका फ्लेक्सवर तर घरच्या कुत्र्याचाही फोटो बघितला. मी भाजी घेऊन परत येताना थांबून वाचते सगळं. पोराचं वयही लिहिलेलं असतं, कौतुकाने. आठ वर्षं, सात वर्षं. ज्याला स्वतःचं नाक धड पुसता येत नाही तो ब्लॅक बेल्ट.

पोरांवर माझा राग नाही. ती बिचारी सांगितलेलं करतात. राग आहे तो फ्लेक्सच्या वरच्या कोपऱ्यात, गोल चौकटीत, हाताची घडी घालून जो हसतो त्याच्यावर. शिहान मिलिंद. शिहान म्हणजे जपानीत गुरूंचाही गुरू. या माणसाला मी तो हाफ पँटमध्ये असल्यापासून ओळखते. तो कोणाचा गुरू नव्हता आणि नाही, तेव्हा गुरूंचा गुरू व्हायचा प्रश्नच येत नाही. पण शब्द जपानी असला की आमच्या लोकांना पटतो. मराठीत 'महागुरू' लिहिलं असतं तर निदान चार जण हसले असते.

शाळेच्या परीक्षा संपल्या की या पट्ट्यांच्या परीक्षा सुरू होतात. आमच्यात त्याला ग्रेडिंग म्हणतात. गल्लीगल्लीतून पोरं बॅगा घेऊन निघालेली दिसतात, मागे आया पाण्याच्या बाटल्या घेऊन. दुपारी चारला डांबर अजून चटके देत असतं, कंपन्यांकडून तो आंबूस वास वाऱ्यावर येत असतो, आणि कुठल्यातरी दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गातून पोरांचं 'ओस, ओस' ओरडणं ऐकू येतं. मी खिडकी लावून घेते. तरी दर वर्षी तो एक मे महिना आठवायचा तो आठवतोच.

ठाकुर्लीला एका शाळेचा हॉल होता. शहाबादी फरशी, उंच खिडक्या, खिडक्यांना जाळ्या आणि जाळ्यांत अडकलेली पिंपळाची पानं. संध्याकाळी तिथे आमचा कराटेचा वर्ग भरायचा. सर मोहन्याहून सायकलवर यायचे, कारखान्यातली पाळी संपवून. किडकिडीत माणूस, आवाज बेताचा. सायकल भिंतीला लावायचे, हॉलच्या उंबऱ्यावर वाकून नमस्कार करायचे आणि आत आल्यावर दुसऱ्या कुठल्या विषयावर बोलायचे नाहीत. मी तेव्हा तेरा वर्षांची, हिरव्या पट्ट्याची. मुली आम्ही मोजक्याच. आईला वाटायचं मी शाळेच्या कवायतीच्या जादा तासाला जाते. एका अर्थी ते खरंच होतं.

कराटे म्हणजे काय, तर पहिले कित्येक महिने नुसतं उभं राहणं. घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवायचे, गुडघे वाकवायचे आणि तसंच राहायचं. मांड्या थरथरायला लागायच्या, घाम डोळ्यांत जायचा, फरशीवर पायांचे ओले ठसे उमटायचे. सर मागून फिरायचे आणि न सांगता खांद्याला धक्का द्यायचे. पडलो तर उठायचं, परत उभं राहायचं. कोणी ओरडत नव्हतं आणि कोणी टाळ्या वाजवत नव्हतं. आज हे असं शिकवलं तर पालक सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तक्रार करतील.

वर्ग सुरू होताना आणि संपताना आम्ही सगळे एका ओळीत उभे राहायचो. आम्ही तिला लाइनच म्हणायचो. उजव्या टोकाला सगळ्यात वरचा पट्टा, मग उतरत उतरत डाव्या टोकाला पांढरे, म्हणजे नुकते आलेले. उजव्या टोकाला जो असेल त्याने हुकूम द्यायचा, मग सगळ्यांनी वाकायचं. सरांचा एक नियम फार कडक होता. आपल्या जागेच्या वर उभं राहायचं नाही. खाली उभे राहिलात तर कोणी विचारणार नाही. उशीर झाला तर पट्टा कुठलाही असो, निमूट डाव्या टोकाला जायचं. आम्हाला तेव्हा हा नियम साधा वाटायचा, चपला बाहेर काढण्यासारखा.

भारती खाडीकडच्या कोळीवाड्यातली. सोळा-सतरा वर्षांची असेल, तपकिरी पट्ट्याची, म्हणजे काळ्याच्या एक पायरी खाली. मे महिन्यात तिच्या घरी अंगणभर बारीक मासळीची सुकट वाळत असायची, त्यामुळे तिच्या कपड्यांना तो वास असायचा. मिलिंद तिच्या शेजारी उभा राहताना नाक वर करायचा. तोही तपकिरी पट्ट्याचा. लाथा उंच मारायचा, आणि मारताना कोण बघतंय ते बघायचा. भारती कोणाकडे बघायची नाही. सर तिला धक्का द्यायचे तेव्हा सरांचाच पाय मागे सरकायचा. त्या हॉलमध्ये सगळ्यात चांगलं कोण, हे पांढऱ्या पट्ट्याच्या पोरालाही माहीत होतं. सांगायची गरज नव्हती.

गेल्या महिन्यात माझा भाचा निखिल आला, पत्रिका घेऊन. लग्नाचीच वाटली मला, सोनेरी गोंडा वगैरे. उघडली तर मिलिंदच्या अकादमीचा ब्लॅक बेल्ट समारंभ, ठाण्याला, एसी हॉलमध्ये. निखिलची मुलगी रेवा दहा वर्षांची. तिचंही नाव त्यात.

"आत्या, तिचा बेल्ट तूच बांधायचास," निखिल म्हणाला. "शिहान सर स्वतः म्हणाले. आपल्या भागातल्या पहिल्या लेडी ब्लॅक बेल्टच्या हस्ते. फोटो कसला भारी येईल."

"पहिली मी नाही."

"मग कोण?"

"जी पहिली होती तिला मिळालाच नाही."

"म्हणजे?"

"चहा घे," मी म्हटलं.

बरोबर आलेल्या रेवाने माझ्या घरात टीपॉय सरकवून सगळं करून दाखवलं. हात असे, पाय तसे, वळणं, गिरक्या, शेवटी आरोळी. देखणं होतं, खोटं कशाला बोलू. शाळेच्या गॅदरिंगला पहिला नंबर आला असता. मी तिला म्हटलं, आता घोड्यावर बसल्यासारखी उभी राहा. राहिली. मी मागून जाऊन खांद्याला धक्का दिला, फार जोरात नाही. ती सोफ्यात जाऊन पडली.

"चीटिंग," रेवा रडवेली झाली. "तू सांगितलं नव्हतंस."

"कोणीच सांगत नाही गं."

"आत्या, ती लहान आहे," निखिल म्हणाला.

"मग पट्टा मोठा कशाला?"

रेवा उठली, टीपॉय जागच्या जागी लावला आणि माझ्याकडे न बघता निघाली. दारातून म्हणाली, "तू येणार नाहीस ना मग?" मी चहाचे कप उचलून आत गेले.

ही पोर रोज संध्याकाळी माझ्याकडे येते. वरच्या मजल्यावरून, अनवाणी, गृहपाठाची वही घेऊन. मी लग्न केलं नाही, बँकेतून रिटायर झाले. माझ्याकडे स्वतःहून येणारं या जगात हे एकच माणूस आहे. ती आठवडाभर आली नाही. वर पायांचा आवाज यायचा, लिफ्टचं दार वाजायचं, आणि मी उगाच पंखा बंद करून कान देत बसायचे. तिच्या कमरेला तो पट्टा बांधावा तर मिलिंदच्या तमाशाला माझी सही. न बांधावा तर पोर गेली. एवढ्याशा गोष्टीवर माझी झोप उडाली होती, आणि त्याचाही मला राग येत होता.

त्या मे महिन्यातली परीक्षा शाळेच्याच हॉलमध्ये झाली. भिंतीशी खुर्च्या मांडल्या होत्या. मधल्या खुर्चीत मिलिंदचे वडील, शाळेचे ट्रस्टी. हॉल आम्हाला त्यांच्याच मेहेरबानीने मिळालेला. उकाडा असा की फरशीसुद्धा कोमट. मी हॉलमागच्या पाण्याच्या टाकीवर बाटली भरत होते, तर सर भारतीला घेऊन तिकडे आले. मी होते हे त्यांनी बघितलं, पण हिरव्या पट्ट्याच्या पोरीला कोण मोजतो.

"मिलिंदबरोबर तुझी फाइट आहे," सर म्हणाले. "जरा सांभाळून घे. मारू नकोस. वडील बसलेत त्याचे."

"मारू नको?"

"नको."

"बरं सर," भारती म्हणाली.

तिने शब्द पाळला. एकदाही हात उचलला नाही. मिलिंद मारत राहिला आणि ती अडवत राहिली. लाथ आली की बाजूला, ठोसा आला की हाताने वळवून दिला. मिलिंदला धाप लागली. त्याचे फटके हवेत जायला लागले, चेहरा लाल झाला, आणि शेवटी एक उंच लाथ मारताना स्वतःच्याच घामावरून घसरून तो आपटला. भारतीने त्याला हात दिला. त्याने तो घेतला नाही. भिंतीशी बसलेली आम्ही पोरं श्वास धरून होतो. मला वाटलं, झालं, आता सगळ्यांना दिसलंच.

निकाल सरांनी बसल्या जागेवरून सांगितला, वर न बघता. मिलिंद पास, काळा पट्टा. भारती नापास. आक्रमकता कमी पडली म्हणे. पुढच्या वर्षी बघू. मिलिंदच्या वडिलांनी पेढे आणलेलेच होते. ते आधीच आणलेले होते हे तेराव्या वर्षीही माझ्या डोक्यात आलं. पेढे वाटत वाटत भारतीपर्यंत आले. तिने घेतला आणि खाल्लाही. त्या दिवशी मला मिलिंदपेक्षा जास्त राग त्या पेढ्याचा आला.

दोन-तीन वर्ग ती आली नाही. मग एके संध्याकाळी आली. कोपऱ्यात बसून पिशवी उघडली आणि तिच्यातून पांढरा पट्टा काढला, पहिल्या दिवसाचा, पिवळट पडलेला. तो बांधला, आणि लाइन लागली तेव्हा डाव्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिथे दोन-चार चिल्लीपिल्ली होती, त्यांच्याही पलीकडे.

"भारती, तुझी जागा वर आहे," सर म्हणाले.

"खाली चालतं ना सर?"

सर बोलणार काय, नियम त्यांचाच. उजव्या टोकाला नवा कोरा काळा पट्टा लावून मिलिंद उभा होता. त्याने हुकूम दिला तो चिरक्या आवाजात, आणि आम्ही वाकलो. भारतीने त्यानंतर एकही परीक्षा दिली नाही. सर दर मे महिन्यात विचारायचे, ती दर मे महिन्यात नकारार्थी मान हलवायची. डाव्या टोकाच्या पोरांचे पाय मात्र वर्षभरात असे बसले की उजवीकडच्यांना लाज वाटावी. मिलिंदला नाही वाटली.

खूप वर्षांनी सरांनी माझ्याजवळ विषय काढला. तोवर मलाही त्यांनी काळा पट्टा दिला होता. कल्याण स्टेशनबाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर आम्ही उभे होतो. "हॉल राहिला पाहिजे होता गं, शुभा," ते म्हणाले, "हॉल गेला असता तर तुम्ही सगळी कुठे गेला असता." मी मान डोलावली, कारण ते म्हातारे झाले होते. पण मनात म्हटलं, सर, हॉल तरी कुठे राहिला. त्या परीक्षेनंतर वर्ष-दोन वर्षांत ट्रस्टींनी तो लग्नकार्यांना द्यायला सुरुवात केली आणि आम्ही गेलो मैदानावर, खडी टोचत. ज्या हॉलसाठी पोरीचा पट्टा गेला त्या हॉलमध्ये पंगती उठायला लागल्या. सर वाईट नव्हते. भित्रे होते. आयुष्यभर मारामारी शिकवणारा माणूस एका खुर्चीला घाबरला. वाईट माणसाला निदान शिव्या देता येतात, सरांना तेही करता आलं नाही.

कराटेने चारित्र्य घडतं म्हणे. मिलिंदच्या पत्रिकेवर ठळक अक्षरांत छापलंय. शिस्त, नम्रता, आत्मविश्वास. मी हे इतकी वर्षं जवळून बघतेय. लबाड माणूस कराटे शिकला की लवचिक लबाड होतो, एवढंच. भित्रा शिकला तर छाती पुढे काढून भितो. वाकून नमस्कार करायला शिकलेला माणूस नम्र असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मिलिंदला वाकताना बघावं. वाकतो तेव्हाही त्याचा एक डोळा कॅमेऱ्यावर असतो. आणि ते पट्टे. पिवळा, केशरी, हिरवा, निळा, मधे आता अर्धा हिरवा, पट्ट्यावर पट्टी, ज्युनिअर काळा, सिनिअर काळा. साड्यांच्या दुकानातसुद्धा इतके रंग सापडायचे नाहीत. पोरगं वर्गात टिकायला हवं असेल तर दर मोसमाला त्याला काहीतरी नवीन बांधायला द्यावं लागतं. मिलिंदला हे फार लवकर कळलं. कराटेतलं त्याला कळलेलं हे एकच.

शनिवारी सकाळी मी भारतीकडे जाते, वर्षानुवर्षं. रेल्वेच्या तिकीट खिडकीवर नोकरी संपवून ती आता कोळीवाड्यातच घर बांधून राहते. गच्चीवर एका बाजूला सुकट वाळत घातलेली असते, उरलेल्या जागेत आम्ही सराव करतो. मधून मधून मांजर हाकलायचं. आम्ही दोघीच असलो तरी लाइन लावतो. मी उजवीकडे काळ्या पट्ट्यात, ती डावीकडे त्याच पांढऱ्या पट्ट्यात. आणि वर मला 'सेनपाय' म्हणते, म्हणजे आपल्यापेक्षा वरचं माणूस. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. कितीदा तरी मी उठून तिच्या डावीकडे जाऊन उभी राहिले. मग ती सरकून माझ्या डावीकडे जाते. मी परत सरकते, ती परत. एकदा असं करत करत आम्ही सुकटीत पोचलो होतो.

त्या शनिवारी मी सराव केलाच नाही. कठड्याला टेकून पत्रिका, एसी हॉल, हस्ते-बिस्ते सगळं ओकले. मिलिंदच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भारती सुकट हाताने पसरत ऐकत होती.

"तू जा," ती म्हणाली.

"कुठे?"

"पट्टा बांधायला. पोरीचा हाय ना तो. मिलिंदचा थोराच हाय."

"तुला काहीच वाटत नाही? त्या दिवसाचं?"

"तवा वाटलेला. जेवन पन गेला नव्हता दोन दिस." तिने सुकटीतला एक खडा उचलून लांब फेकला. "पांढरा पट्टा मी रागानंच बांधलेला. मिलिंदचे बाजूला उभा रवायचा नव्हता मना. मग टोकाला गेले, तर तिथं ती बारकी पोरं. त्यांचे पाय बघितले, सगले वाकरे. ते सरल करता करता राग कवा गेला, मना पन नाय समजला."

मीही वाकून सुकट पसरायला लागले.

"तुझाच नाय गेला," भारती म्हणाली. "माझे वाटचा पन तूच करतेस."

हे तिने इतक्या सहज म्हटलं की मला रागवताही आलं नाही. मांजर आलं, तिने त्याला हाकललं. मी रिक्षाने घरी आले आणि वाटेत मानपाडा रोडचे फ्लेक्स वाचले नाहीत. म्हणजे वाचले, पण कमी.

ठाण्याच्या हॉलमध्ये धूर सोडणारं मशीन होतं. ढोलताशाच्या रेकॉर्डवर एकेक पोर धुरातून बाहेर यायचं आणि पालक मोबाइल वर धरून उभे राहायचे. कल्याणहून, बदलापूरहून लोक आले होते, आज्या नऊवारीत. मिलिंदने कोपराने कौलांची चळत फोडली. टाळ्यांचा कडकडाट. मी पुढच्या रांगेत होते, मला कौलांच्या मधल्या लाकडी चकत्या स्पष्ट दिसत होत्या. मधे जागा ठेवली की वरचं कौल फुटून खालच्यावर पडतं, ते त्याच्या खालच्यावर, आणि आपण फक्त पहिलं फोडायचं. मग माइक घेऊन तो सरांबद्दल बोलला. डोळे पुसले. सरांनी मला घडवलं, म्हणाला. हे मात्र अगदी खरं होतं.

रेवाचं नाव पुकारलं आणि मी वर गेले. पट्ट्यावर तिचं नाव सोनेरी धाग्याने विणलेलं. मिलिंद माझ्याजवळ सरकून कॅमेऱ्याकडे बघत उभा राहिला. "शुभामॅडम, सावकाश बांधा, फोटो येऊ दे," म्हणाला. मी पट्टा रेवाच्या हातात देणार होते. आमच्या हॉलमध्ये कोणी कोणाचा पट्टा बांधायचं नाही, पहिल्या दिवसापासून ज्याचा त्याने. ते सगळ्यांसमोर करायचं मी ठरवूनच आले होते. मिलिंदला कळेल असं. पण रेवाने माझं मनगट धरलं.

"आत्याआजी, मला बांधता येत नाही," ती पुटपुटली. "आईच बांधते. सर आत्ता बांधून दाखव म्हणणार नाहीत ना?"

तिच्या डोळ्यांत मी बघितलं आणि मला कळलं की हिला सगळं ठाऊक आहे. सोफ्यात पडली त्या दिवसापासून ठाऊक आहे. आठवडाभर ती माझ्यावर रुसली नव्हती, घाबरली होती. एवढ्या धुरात आणि ढोलात त्या पोरीला एकटीला लाज वाटत होती आणि ज्या घोड्याला वाटायला हवी तो शेजारी दात काढून उभा होता.

"नाही म्हणणार," मी म्हटलं. "त्याला स्वतःलाच धड येत नाही."

ती फस्सकन हसली. मी गुडघ्यावर बसले आणि पट्टा बांधला, नीट, दोन वेढे घेऊन, टोकं सारखी करून. फोटो आला तो तिच्या हसण्याचा. मी त्यात पाठमोरी आहे, ते बरंच झालं.

गाडीत मागच्या सीटवर ती म्हणाली, "तू शनिवारी कुठे जातेस? मी येऊ?" मी म्हटलं, ये, पण तिथे एसी नाही.

ती आली. कडक इस्त्रीचे कपडे, सोनेरी नावाचा पट्टा. तो आईने बांधून दिलेला. गच्चीवर पाऊल ठेवताच नाक मुरडलं. मग भारतीचा पांढरा पट्टा बघितला, तिचे पिकलेले केस बघितले आणि मला हळूच विचारलं, "या आजी नवीन आहेत?"

भारतीने ऐकलं. "हो गो बाय, नवीनच हाय. शिकव मना."

रेवाची छाती फुगली. तिने भारतीला घोड्यावर बसल्यासारखं उभं केलं. "पाय अजून फाकवा. गुडघे वाकवा. पाठ सरळ." भारतीने मुकाट्याने सगळं केलं. रेवाने माझ्याकडे एकदा बघितलं, भारतीच्या मागे गेली आणि न सांगता खांद्याला धक्का दिला. काही झालं नाही. दोन्ही हातांनी दिला. काही झालं नाही. मग तिने डोकं भारतीच्या पाठीला लावलं आणि सगळा जोर काढला, तिचेच पाय कोब्यावरून मागे घसरायला लागले.

"बाय, ती मांजर बघ," भारती समोर बघत म्हणाली. "सुकटीवर आलेय."

रेवाने मांजर हाकललं. परत आली ती पांढऱ्या पट्ट्याकडे बघत राहिली, मग स्वतःच्या पट्ट्याकडे. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"चला, लाइन," मी म्हटलं, आणि सवयीने उजवीकडे जाऊन उभी राहिले. भारती तिच्या डाव्या टोकाला. रेवाची जागा माझ्या शेजारी, काळ्याच्या शेजारी काळा. लाइन कशी लागते हे मिलिंदकडेही शिकवतात, तेवढं तिला येतं. ती माझ्याकडे दोन पावलं आली. थांबली. मग वळली, भारतीच्या मागून फिरून गेली आणि तिच्या डावीकडे जाऊन उभी राहिली.

उजव्या टोकाला मी एकटी राहिले. मधे मोकळा कोबा, त्यावर ऊन. भारती डाव्या टोकाला गेली त्या संध्याकाळी मिलिंद असाच उभा होता हे माझ्या लक्षात आलं आणि मला ते अजिबात आवडलं नाही. मी निघाले आणि रेवाच्या डावीकडे जाऊन उभी राहिले.

भारती सरकायला गेली. तिच्या डावीकडे रेवा, रेवाच्या डावीकडे मी, माझ्या डावीकडे कठडा. जागाच नव्हती.

"शुभा, यो काय चाललाय?"

"खाली उभं राहिलं तर कोणी विचारत नाही," मी म्हटलं.

"मग हुकूम कोण देणार?" रेवाने विचारलं.

भारतीने उजवीकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. पट्ट्याची गाठ तिने दोनदा चाचपली, ठीकच होती तरी. खाडीकडून वारा आला, सुकटीचा वास गच्चीभर झाला. मग तिने पाय जुळवले, आणि जो हुकूम मी तिच्या तोंडून आयुष्यात कधी ऐकला नव्हता तो दिला. आवाज सरांपेक्षा मोठा होता. रेवा आणि मी वाकलो.